घरच्या रक्षणासाठी पिस्तूल : निवड आणि जबाबदारी



वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या पंक्तीला पिस्तूल येऊन बसलेले पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चालकांनी विषय सुचविला तेव्हा आम्हालाही वाटले. परंतु अनेक वर्षे नव्या मंडळींना नेमबाजीचे प्राथमिक धडे देण्यात गेल्यामुळे एक गोष्ट आम्हाला ठाऊक आहे. हा प्रश्न लोक चारचौघांत विचारीत नाहीत, एकांतात विचारतात. कोणी मळ्यातल्या वस्तीवर राहणारा शेतकरी असतो, कोणी रात्री रोकड घेऊन घरी जाणारा सराफ असतो, कोणी मुले परदेशी गेल्यामुळे मोठ्या बंगल्यात एकटे उरलेले वृद्ध जोडपे असते. प्रश्न सर्वांचा एकच: "परवाना मिळाला तर घ्यावे कोणते?" एकांतात विचारलेल्या प्रश्नाला बहुधा अर्धवट उत्तर मिळते, आणि या बाबतीत अर्धवट उत्तर फार महाग पडते. म्हणून ते आज उघडपणे द्यावयाचे योजिले आहे.

आरंभी थोडा इतिहास सांगणे जरूर आहे. इंग्रज सरकारने १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला आणि हिंदी माणसाच्या हातून परवान्यावाचून शस्त्र काढून घेतले. गोऱ्या मंडळींना मात्र त्यातून सूट होती. या अपमानाची जखम किती खोल होती, हे कराचीच्या १९३१ च्या काँग्रेस अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावावरून दिसते. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क त्या ठरावात नमूद होता. पुढे घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ साली झाला व १९६२ च्या ऑक्टोबरात अंमलात आला. त्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येऊ लागली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली.

अमेरिकेची वाट निराळी. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात, पाच विरुद्ध चार अशा बहुमताने, घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा नागरिकाचा हक्क असल्याचा निर्णय दिला. आपल्याकडे तो हक्क नाही. आपल्याकडे परवाना आहे, आणि परवाना म्हणजे समाजाने एका माणसावर टाकलेला विश्वास. आपले आजचे सगळे विवेचन या एका फरकावर उभे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पिस्तूल कोणते, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न येतो: कोणापासून रक्षण करावयाचे? घरफोडी करणारा चोर बहुधा घर रिकामे पाहून येतो. त्याच्यापुढे तुमचे पिस्तूल काय करणार? कपाटात सापडले तर दागिन्यांबरोबर तेही त्याच्या झोळीत जाईल, आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या छातीवर रोखले जाईल. या चोरावर उपाय म्हणजे भक्कम दार, चांगले कुलूप, अंगणातला दिवा, भुंकणारे कुत्रे आणि शेजाऱ्याशी सलोखा. यांपैकी एकालाही परवाना लागत नाही. कुत्र्याला महापालिकेचा लागत असेल, तो मिळतो! हे सगळे झाल्यावर, आपण घरात असताना दार फोडून आत येणाऱ्याचा धोका ज्याला खरोखरच आहे, त्याच्यापुरताच पिस्तुलाचा विचार उरतो. आडरानातल्या वस्तीवर, जिथे पोलिसांची गाडी यायला तासभर लागतो, तिथे हा धोका खोटा नाही. अशा माणसाला आम्ही हसण्यावारी नेत नाही.

त्याने कायदाही जाणला पाहिजे. आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंडविधानाच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. त्याचे मर्म दोन वाक्यांत सांगता येते. सरकारी मदत मिळविण्यास अवसर असेल तर हा हक्क नाही. आणि रक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कधीच नाही. मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, किंवा दरोडा, रात्रीची घरफोडी यांसारखे निवडक प्रसंग असतील, तरच हा हक्क समोरच्याचा प्राण घेण्यापर्यंत पोचतो. कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा माणूस आपल्या घराचे रक्षण करीत नसतो. तो न्यायालयाची पायरी चढण्याची तयारी करीत असतो.

इतके समजून-उमजून ज्याने परवाना काढला, त्याने निवड कशी करावी? आपल्याकडे निवडीचे क्षेत्र मुळातच मर्यादित आहे. ९ मिलिमीटर आणि .३८ या मापांची पिस्तुले निषिद्ध वर्गात मोडतात व सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. राहिली ती मुख्यतः .३२ आणि .२२ ही मापे. त्यातही नवख्याची एक फसगत नेहमी होते. .३२ म्हटले म्हणजे सगळी काडतुसे सारखीच, असे तो समजतो. वस्तुतः रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस लांब व काठाचे असते, पिस्तुलाचे आखूड असते, आणि एकाचे दुसऱ्यात घालावयाचे नसते. दुकानातून काडतुसे आणताना डबीवरचे नाव व शस्त्रावर कोरलेले नाव ताडून पाहावे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा वाद नेमबाजांत देशस्थ-कोकणस्थ वादाइतकाच जुना आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांची फिरती चक्री असते व बहुधा सहा घरे असतात. चाप ओढला की चक्री फिरते, घोडा मागे जाऊन पडतो आणि बार होतो. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येते. चक्री उघडली की भरलेले आहे की रिकामे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. दोष असा की, घोडा आधी न चढविता चाप ओढावयाचा तर साडेचार-पाच किलोंपर्यंत जोर लागतो. या जोराने नवख्याचा हात थरथरतो आणि नेम ढळतो. घोडा अंगठ्याने चढवून ठेवला तर चाप अगदी हलका होतो. परंतु घाबरलेल्या माणसाच्या बोटाखाली हलका चाप ही आपत्तीच समजावी.

पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझीनमध्ये असतात. पहिले काडतूस नळीत चढविण्यासाठी वरची सरक मागे ओढून सोडावी लागते. पुढे प्रत्येक बारासरशी रिकामे टरफल आपोआप बाहेर पडते आणि नवे काडतूस चढते. पिस्तूल चपटे असते, चाप बहुधा हलका, नेम धरावयास सोपे. परंतु सरक ओढण्यास मनगटात ताकद व हाताला सवय लागते. पकड ढिली पडली तर टरफल अडकून बसते, आणि अडकलेले पिस्तूल अंधारात मोकळे करणे हे नवशिक्याचे काम नव्हे. सर्वांत मोठा धोका याहून वेगळा आहे. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज. नळीत चढलेले काडतूस मॅगझीनबरोबर बाहेर येत नाही. ते तिथेच दबा धरून बसलेले असते.

याचा एक अनुभव सांगतो. खंडेनवमीचा दिवस होता. एका घरी शस्त्रपूजेला आम्हाला बोलावले होते. तलवार, कट्यार आणि शेजारी यजमानांचे पिस्तूल, त्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुले. पूजा झाली. मुलांना गंमत दाखवावी म्हणून यजमानांनी पिस्तूल उचलले, मॅगझीन काढून ताटात ठेवले, "हे बघा, आता रिकामे झाले," असे म्हणून नळी जमिनीकडे केली आणि चाप ओढला. त्या एवढ्याशा खोलीत जो आवाज झाला, त्याने कितीतरी वेळ कोणाला काही ऐकू येईना. पाटाला भोक पडून फरशीचा टवका उडाला होता. पाटापासून हातभर अंतरावर त्यांची सहा वर्षांची नात बसलेली होती. यजमान मूर्ख नव्हते, बेजबाबदारही नव्हते. त्यांना एक गोष्ट शिकविली गेली नव्हती, इतकेच. मॅगझीन काढावे, मग सरक मागे ओढून धरावी, मग नळीचे घर डोळ्यांनी पाहावे, आणि अंधार असेल तर बोटाने चाचपावे. हा क्रम उलटा केला तरी घात होतो, कारण आधी सरक ओढून मग मॅगझीन काढले तर नवे काडतूस नळीत चढून बसते.

म्हणून आमचे मत असे की, ज्याला सरावासाठी फार वेळ मिळणार नाही, त्याने रिव्हॉल्व्हर पत्करावे. जो नियमाने सराव करील, त्याने आपल्या हाताला बसेल ते घ्यावे. हाताला बसणे याची परीक्षा सोपी आहे. विक्रेत्यासमक्ष शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, त्याच्या परवानगीने, सुरक्षित दिशेला नळी धरून चाप दहा वेळा ओढून पाहावा. बोटाचे पहिले पेर चापावर ताण न देता पोचते का? चाप ओढताना पुढची माशी मागच्या खाचेत स्थिर राहते का? दहाव्या वेळी हात पहिल्या वेळेसारखाच आहे का? तीन्ही प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले, तर ते शस्त्र तुमचे. किंमत, चकाकी आणि मित्राची शिफारस या गोष्टी मागाहून याव्यात.

येथे एका भ्रमाचे निरसन केले पाहिजे. लहान व हलके शस्त्र नवख्याला, त्यातही स्त्रियांना सोयीचे, असे सर्रास सांगितले जाते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ च्या जानेवारीत 'निर्भीक' नावाचे .३२ चे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा ते स्त्रियांसाठी म्हणून गाजले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये मावते, हे खरे. परंतु वजनाचा नियम सृष्टीचा आहे, जाहिरातीचा नव्हे. काडतूस तेच ठेवून शस्त्र हलके केले की धक्का वाढतो. नळी आखूड केली की माशी आणि खाच यांतले अंतर घटते, आणि नेमातली लहान चूक लक्ष्यावर मोठी होते. हलके शस्त्र बाळगणाऱ्याला सुखाचे, चालविणाऱ्याला कठीण. ज्याला ते घरातच ठेवावयाचे आहे, त्याने वजनाला भिऊ नये. आणि स्त्रियांविषयी म्हणाल, तर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. त्यांना कोणी पर्समध्ये मावणारे शस्त्र दिले नव्हते. दिले होते ते शिक्षण.

शिक्षणाचा आरंभ कोठून करावा? .३२ पासून मुळीच नव्हे. पहिले सहा महिने हवेच्या पिस्तुलावर काढावेत. .१७७ मापाच्या आणि वीस ज्यूलपेक्षा कमी जोराच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही, छरे स्वस्त असतात आणि धक्का जवळजवळ नसतोच. नंतर एखाद्या रायफल क्लबात .२२ वर यावे. याचे कारण असे की, नवख्याचा खरा शत्रू म्हणजे त्याची स्वतःची दचक. मोठ्या आवाजाच्या शस्त्रापासून आरंभ केला की, बार होण्याच्या आधीच डोळे मिटण्याची व मनगट खाली दाबण्याची खोड जडते, आणि ती खोड मोडण्यात वर्ष जाते. कानांवर संरक्षक आणि डोळ्यांवर चष्मा असल्यावाचून एकही बार करू नये. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि कानाचे झालेले नुकसान परत भरून येत नाही. सरावात बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबावे, कारण काडतूस क्वचित उशिराने पेटते. सराव संपला की हात साबणाने धुवावेत; शिसे विषारी आहे.

जगभरच्या नेमबाजांत चार नियम रूढ आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. जे नष्ट व्हावयास नको, त्याच्यावर नळी कधीही रोखू नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. आणि लक्ष्य कोणते व लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, हे ओळखल्यावाचून बार करू नये. या चारांपैकी एखादा मोडला तरी उरलेले तीन बहुधा तारून नेतात. त्या खंडेनवमीला नळी मुलांकडे नव्हती, म्हणूनच ती नात आज कॉलेजात जाते आहे.

चौथ्या नियमाचा आमच्या घरांशी फार जवळचा संबंध आहे. आमची बहुतेक घरे म्हणजे चाळीतल्या खोल्या, सदनिका, भिंतीला भिंत लागलेले वाडे. गोळी प्लायवूडचे दार सहज भेदून जाते, आणि दारापलीकडे शेजाऱ्याचा पाळणा असू शकतो. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात हललेली सावली चोराची असते तशी पाणी प्यायला उठलेल्या मुलाचीही असते. म्हणून पिस्तुलाआधी उशाशी विजेरी हवी. आम्ही तर क्रम असा सांगतो: सर्वांनी एका खोलीत यावे, दाराला आतून कडी घालावी, ११२ वर पोलिसांना कळवावे, मोठ्याने ओरडून शेजार जागा करावा, आणि शस्त्र हातात असलेच तर त्या बंद दाराकडे तोंड करून थांबावे. घरभर चोर शोधीत फिरू नये. तो चित्रपटातला पराक्रम आहे, आणि चित्रपटात गोळ्या खोट्या असतात.

आता शस्त्र ठेवण्याविषयी. येथे दोन गरजांचा झगडा आहे, तो लपविण्यात अर्थ नाही. संकटसमयी हाताशी यावे तर ते जवळ हवे. मुलांच्या हाती पडू नये तर ते कुलपात हवे. अनेक गृहस्थ उशीखाली किंवा कपाटातल्या साड्यांच्या घडीत ठेवून हा प्रश्न सुटला असे मानतात. मुलांना आईबापांच्या सर्व लपणाच्या जागा ठाऊक असतात. दिवाळीचे लाडू कुठे ठेवले आहेत, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. उपाय एकच: भिंतीत किंवा जमिनीत घट्ट बसविलेली लोखंडी पेटी, जिचे कुलूप परवानाधारकालाच उघडता येते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सुरक्षित साठवणुकीची हमी परवान्याबरोबर लिहून द्यावीच लागते, तसेच शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला आणि डॉक्टरांचा दाखलाही. हे कागद कारकुनासाठी नसतात. ज्या घरात मुले आहेत, तेथे काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. त्यामुळे काही क्षण अधिक लागतात हे खरे. ते क्षण दाराच्या कडीने मिळवावयाचे असतात. आणखी एक घरगुती सूचना: शस्त्र चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नये. कोकणातल्या पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि नळीला गंज चढतो.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत. तेथे शेजारच्या घरी खेळायला मूल पाठविण्यापूर्वी, "तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का?" असे विचारणे मुळीच असभ्य नव्हे. आपल्या संकोची स्वभावाला ते जड जाते. संकोच गिळावा.

शेवटचा मुद्दा सर्वांत कठीण आहे, आणि तो सांगण्यासाठीच खरे म्हटले तर आम्ही हे निमंत्रण स्वीकारले. घरातले पिस्तूल सर्वांत अधिक कोणाचा जीव घेते? चोराचा नव्हे. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातील सुमारे अडीच कोटींहून अधिक प्रौढांचा २००४ ते २०१६ या काळातील अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठ पट, आणि स्त्रियांत सुमारे पस्तीस पट आढळले. याचे कारण पिस्तूल माणसाला दुःखी करते, असे नव्हे. दुःखाची लाट बहुधा येते आणि ओसरते. दुसऱ्या पुष्कळ मार्गांत मध्येच कोणी धावून येते, मन बदलते, डॉक्टर वाचवितात. पिस्तूल तो अवसरच ठेवीत नाही.

आमचे एक स्नेही होते. नेमबाजीत आमच्याहून सरस. दहा वर्षे परवाना, एकही चूक नाही. पत्नी वारल्यानंतर ते बोलेनासे झाले. रविवारी सरावाला येत, पण नेम धरून तसेच उभे राहत आणि बार न करताच पिस्तूल खाली ठेवीत. आम्हाला ते दिसत होते. विचारावे की नाही, या विचारात आम्ही दोन रविवार घालविले. तिसऱ्या रविवारी सकाळी तेच आमच्या दारी आले, हातातली पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, हे काही दिवस तुमच्याकडे राहू द्या. रात्री ह्याची फार आठवण येते."

दुसऱ्याचे शस्त्र परवान्यावाचून ठेवणे हा गुन्हा आहे. आम्ही त्यांना चहा दिला आणि दुकाने उघडण्याच्या वेळेला, त्यांच्याबरोबरच, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे गेलो. कायद्याप्रमाणे शस्त्र तेथे किंवा पोलीस ठाण्यात अनामत ठेवता येते. विक्रेत्याने काही न विचारता पावती लिहून दिली. तेथून आम्ही दोघे एका डॉक्टरांकडे गेलो. पुढे दीड वर्षाने ते सावरले. पिस्तूल त्यांनी परत आणले नाही; विकून टाकले. अजून रविवारी येतात, हवेच्या पिस्तुलावर मुलांना शिकवितात. त्या दिवशी ते स्वतः आले, म्हणून आहेत. आम्ही दोन रविवार गप्प राहिलो, याची बोचणी आमची आम्हाला आहे.

म्हणून निवडीचा आमचा क्रम असा. पहिली निवड माणसाची: ज्याला राग आवरत नाही, ज्याला दारूचे व्यसन आहे, ज्याच्या मनावर किंवा घरात कोणाच्या मनावर खिन्नतेचे सावट आहे, त्याने पिस्तूल घेऊ नये, असेल तर ठेवून यावे. दुसरी निवड घराची: दार, दिवा, पेटी आणि शेजार. तिसरी निवड गुरूची आणि सरावाची, कारण तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याच्या हाती पाणी लागत नाही. चौथ्या क्रमांकावर पिस्तूल येते, आणि तिथवर सगळे नीट झाले असेल तर .३२ चे रिव्हॉल्व्हर घेतले काय नि पिस्तूल घेतले काय, फार फरक पडत नाही. आमच्याकडे येणारे लोक चौथ्या प्रश्नापासून आरंभ करतात. त्यांना मागे वळवून पहिल्यापाशी आणण्यात आमचे आयुष्य गेले.

आपल्या शेजारीपाजारी, आप्तेष्टांत कोणाकडे परवाना असेल, आणि तो माणूस अलीकडे गप्प गप्प वाटत असेल, तर आज घरी जाताना वाटेत त्याच्याकडे डोकवावे. पिस्तुलाचा विषय लगेच काढू नका, चहा घ्या. पण उठण्यापूर्वी विचारल्याशिवाय राहू नका. आमच्यासारखे दोन रविवार घालवू नका. एवढीच विनंती.